एबी, बीसी आणि आईची सही

संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच या सदराची पत्रपेटी भरायला लागते. फेब्रुवारी हा अमेरिकेतल्या हायस्कुलांत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा महिना, आणि आपल्या मराठी घरांत त्यातलं गणित हा जेवणाच्या टेबलावरचा विषय होऊन बसतो. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच घेतली आहेत. त्यांत सारखं येणारं ‘एपी’ म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. त्याची परीक्षा मेमध्ये, गुण १ ते ५, आणि चांगल्या गुणांवर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय झाला असं धरतात. एपी कॅल्क्युलसचे दोन प्रकार, एबी आणि बीसी. त्याआधीचा तयारीचा वर्ग प्रीकॅल्क्युलस. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की सांगलीत अकरा वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं आणि नंतर न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षं. हायस्कुलातून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला नेमकी कुठे घसरतात ते रोज पाहिलंय. माझा सल्ला त्या टोकाकडून येतो. शाळेच्या काउन्सेलरचा वेगळा असेल, तोही ऐका.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे, ऑनर्स प्रीकॅल्क्युलस घेतेय. पहिल्या मार्किंग पिरियडला बी प्लस, दुसऱ्याला बी. टीचरने पुढच्या वर्षी एपी कॅल्क्युलस एबी घ्या असं लिहिलंय. तिच्या सगळ्या मैत्रिणी बीसीला चालल्यात. आमच्या शाळेत पालकांनी वेव्हरवर सही केली की शिफारस नसतानाही बीसी मिळतं. मुलीला इंजिनिअरिंग करायचंय. हे म्हणतात, सही करून टाक, आपण बारावीला इंटिग्रेशन केलंच होतं की, घरी शिकवू. फॉर्म महिनाअखेर द्यायचाय. काय करू?
— एक आई, मध्य न्यू जर्सी

उत्तर : या आठवड्यात तरी सही करू नका. पेन ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज. एबी म्हणजे सोपं कॅल्क्युलस आणि बीसी म्हणजे अवघड कॅल्क्युलस, असं आपल्याकडे धरून चालतात. १९६९ पासून या परीक्षेच्या अशा दोन शाखा आहेत, आणि त्यांतला फरक मुख्यतः लांबीचा आहे. एबीत आठ युनिटं : लिमिट, डेरिव्हेटिव्ह, त्यांचे उपयोग, इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन, क्षेत्रफळ आणि घनफळ. बीसीत ही आठही आहेतच. शिवाय इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, इम्प्रॉपर इंटिग्रल असे तुकडे मधेमधे घुसवलेले, नववं युनिट पॅरामेट्रिक-पोलर-व्हेक्टरचं आणि दहावं अनंत श्रेणींचं. कॉलेजच्या हिशेबात एबी साधारण एका सेमिस्टरचं काम आणि बीसी दोन सेमिस्टरचं. पण शाळेत दोघांना वर्ष एकच मिळतं.

तेही न्यू जर्सीत पुरतं मिळत नाही. परीक्षा देशभर एकाच वेळी, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. टेक्ससमधली मुलं ऑगस्टच्या मध्यात वर्गात बसलेली असतात, आपली लेबर डेच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला. वर जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाच्या सुट्ट्या. म्हणजे तीन-चार आठवडे आपली मुलं मागूनच धावतात. त्याची किंमत बहुतेक वेळा दहावं युनिट मोजतं. ते एप्रिलमध्ये दोन-अडीच आठवड्यांत कोंबलं जातं, आणि बीसीच्या परीक्षेत त्याचं वजन १७-१८ टक्के आहे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्या कॅल्क्युलसमधली माझी आवडती जागा तीच. एक वजा एक-तृतीयांश अधिक एक-पंचमांश वजा एक-सप्तमांश असं करत गेलं की पाय (π) भागिले चार हाती येतो. केरळात संगमग्रामच्या माधवाच्या नावाने ओळखली जाणारी ही श्रेणी युरोपात पुढे लायब्निट्झच्या नावावर लागली. ही गोष्ट सांगायला शिक्षकाला दहा मिनिटं मिळत नाहीत. मुलं रेशो टेस्ट, कंपॅरिझन टेस्ट अशी नावं घोकतात आणि पुढचं पाठ मागचं सपाट.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. आपण बारावीला इंटिग्रेशन केलं, खरं आहे. बाय पार्ट्ससुद्धा केलं. ‘लायेट’चा नियम मला झोपेतही म्हणता येतो. पण अनंत श्रेणी अभिसारी आहे की नाही, म्हणजे तिची बेरीज एका आकड्याशी स्थिरावते की नाही, हे आपल्या बारावीत नव्हतंच. गुणोत्तर श्रेणीची अनंतापर्यंतची बेरीज, तीही अकरावीत, तिथेच आपण थांबलो. आणि आपली परीक्षा रीत ओळखून उत्तर काढण्याची होती. इथे एक आलेख देतात, ज्याचं सूत्रच दिलेलं नसतं, आणि विचारतात, टाकीतलं पाणी कोणत्या क्षणी सर्वांत जास्त होतं आणि का. उत्तराइतकेच त्या ‘का’ला गुण. पंचवीस वर्षांनंतर हे घरी शिकवायला बसलात तर दोन रविवार मजेत जातील. तिसऱ्या रविवारी बापलेकींचं भांडण होईल. मी सांगलीकर आहे, स्पष्ट बोलते.

आणि हे मी कोणत्या तोंडाने बोलतेय तेही ऐका. माझ्या मुलाच्या वेळी असाच फॉर्म आला होता. मी स्वतः गणिताची बाई, माझा मुलगा एबीत? मी सही केली. त्याने वर्षभर जिवाच्या आकांताने बीसी ओढलं, परीक्षेत ४ मिळवले, घरात पेढे वाटले. विद्यापीठाने त्या ४ वर पहिल्या दोन सेमिस्टरचं क्रेडिट दिलं आणि तो थेट मल्टिव्हेरिएबलच्या (एकाहून जास्त चलांच्या कॅल्क्युलसच्या) वर्गात जाऊन बसला. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. म्हणाला, “आई, डबल इंटिग्रल मांडता येतं गं, सोडवता येत नाही.” आतला इंटिग्रल सोडवायला ट्रिग सब्स्टिट्यूशन लागत होतं. ते बीसीच्या अभ्यासक्रमात नाहीच, कॉलेजच्या कॅल्क्युलस-२ मध्ये असतं. प्राध्यापकांनी धरलं होतं की सगळ्यांना येतं. त्याने तो वर्ग सोडला आणि जानेवारीत कॅल्क्युलस-२ ला बसला. वर्ष वाचवायला केलेली सही होती ती. बरं, चांगले मार्क म्हणजे पाया पक्का, हे मलाही तेव्हा वाटलं होतं. शिकवणारीलासुद्धा स्वतःच्या घरात दिसत नाही.

म्हणून मैत्रिणी काय घेतायत आणि बी प्लस की बी हे बाजूला ठेवा आणि शनिवारी सकाळी मुलीपुढे हे चार प्रश्न ठेवा. पंचवीस मिनिटं. कॅल्क्युलेटर दुसऱ्या खोलीत.

पहिला : एक भागिले (एक्स अधिक एच), त्यातून एक भागिले एक्स वजा करा, आलेल्याला एचने भागा आणि सोपं रूप द्या. दुसरा : साइन पाच पाय भागिले सहा किती, आणि ते युनिट सर्कलवर कुठे आहे ते दाखवा. तिसरा : ई चा दोन एक्स घात बरोबर पाच, तर एक्स किती? उत्तर लॉगमध्येच ठेवायचं. चौथा : एक्सचा वर्ग वजा चार, याच्या निरपेक्ष मूल्याचा आलेख हाताने काढा आणि तो कुठे टोकदार होतो ते सांगा.

यात कॅल्क्युलस औषधालाही नाही. पण कॅल्क्युलसच्या वर्गात मुलं ज्याने आडवी होतात ते सगळं यात आहे. एकोणीस वर्षांत डेरिव्हेटिव्हची कल्पनाच कळली नाही म्हणून नापास झालेली मुलं मला बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांचं घोडं अपूर्णांकांत, घातांकांत आणि त्रिकोणमितीत पेंड खात होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वजा एक भागिले एक्स गुणिले (एक्स अधिक एच) असं येतं. तिथे एच न छाटताच ती गोंधळली, किंवा दुसऱ्यासाठी कॅल्क्युलेटर मागायला आली, तर टीचरची शिफारस बरोबर आहे. चारही प्रश्न पंधरा मिनिटांत, खाडाखोड न करता झाले, तर तो बी गृहपाठ न दिल्याचा किंवा परीक्षेतल्या घाईचा असेल. मग टीचरला भेटा आणि तोच कागद दाखवून विचारा. सही त्या भेटीनंतर.

इंजिनिअरिंगची काळजी नको. बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांचा पहिल्या वर्षाचा तक्ता कॅल्क्युलस-१ पासूनच सुरू होतो. आपल्याजवळचं रटगर्स विद्यापीठ घ्या, तिथे इंजिनिअरिंगवाल्यांचं गणित १५१ क्रमांकाच्या कोर्सपासून सुरू होतं. जीवशास्त्र किंवा बिझनेसकडच्या मुलांसाठी १३५ हा वेगळा कॅल्क्युलस आहे. हे दोन वेगळे रस्ते आहेत हे कित्येक पालकांना प्रवेशानंतर कळतं. अकरावीत एबी नीट केलं तर बारावीत बीसी घेता येतं का, हे शाळेला विचारा. अनेक ठिकाणी घेता येतं, आणि मग श्रेणींना पुरेसा वेळ मिळतो. आणि सगळं ऐकूनही बीसीच घेतलं, तर एवढं लक्षात ठेवा की बीसीच्या निकालात एबीचा सबस्कोअर वेगळा छापून येतो. श्रेणींनी दगा दिला तरी बाकीचं वाहून जात नाही.

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे एडिसनला आले आहे. नात दहावीत, एपी प्रीकॅल्क्युलस की काय ते घेते. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत जागते. आता मेमधल्या परीक्षेचे शंभर डॉलर भरायचेत म्हणे. हे भरावेत का? मी जुनी मॅट्रिक, पण बीजगणितात पहिली यायचे.
— एक आजी

उत्तर : आजी, नमस्कार. हा अभ्यासक्रम नवा आहे, २०२३ च्या शरदात सुरू झाला आणि पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. वर्ग चांगला आहे, घेऊ दे. परीक्षेचं मात्र वेगळं. इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाला जाणाऱ्या मुलांना कॉलेजात प्रीकॅल्क्युलसचं क्रेडिट मिळून फारसा उपयोग नसतो, कारण त्यांची पायरीच त्याच्या वरून सुरू होते. बरीच नावाजलेली कॉलेजं ते क्रेडिट देतही नाहीत. नातीला पुढे गणिताशी फार संबंध ठेवायचा नसेल आणि ती राज्य विद्यापीठात जाणार असेल, तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिटचा तक्ता असतो, तो लेकीला बघायला सांगा. तिथे काही मिळत असेल तर शंभर डॉलर वाया जाणार नाहीत. एक गंमत म्हणजे या अभ्यासक्रमाचं चौथं युनिट परीक्षेला नाहीच. व्हेक्टर आणि मॅट्रिक्स त्यातच आहेत. शाळा ते गाळत असेल तर उन्हाळ्यात तिने ते वाचावं. आणि तुम्ही बीजगणितात पहिल्या होतात, तर रोज पंधरा मिनिटं तिला लॉगॅरिथम तुम्हाला शिकवायला लावा.

प्रश्न : बाई, मुलगा ज्युनिअर, म्हणजे अकरावीत आहे. प्रीकॅल्क ठीक चाललंय. पण पुढच्या वर्षी कॅल्क्युलस सोडून फक्त एपी स्टॅट्स घेणार म्हणतो. त्याला सायकॉलॉजी किंवा पत्रकारितेत जायचंय. मी व्हीजेटीआयचा. आमच्या वेळी स्टॅट्स हा फक्त कॉमर्सवाल्यांचा विषय होता. कॉलेजं त्याला आळशी समजणार नाहीत का? दोन आठवडे घरात अबोला आहे.
— एक वडील, डॅलस

उत्तर : अबोला आधी सोडा. विषयाचं नंतर बघू.

‘फक्त’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहिलाय, दोन्हीकडे माझं अडलं. स्टॅट्सला कॅल्क्युलस लागत नाही, अल्जिब्रा-२ पुरतं. त्यामुळे हा सोपा विषय अशी त्याची ख्याती झाली. आकडेमोड सोपी आहेच. अवघड आहेत ती वाक्यं. एक नमुना देते, तुम्हीच सोडवा. शाळेतल्या साठ मुलांना सहज निवडून झोपेचे तास विचारले, आणि सरासरी झोपेचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यावरून काढलेलं मध्यांतर, आला ६.४ ते ७ तास. याचा अर्थ एका वाक्यात लिहा.

तुम्ही बहुधा लिहिलं असेल, “शाळेतली ९५ टक्के मुलं ६.४ ते ७ तास झोपतात.” चूक. किंवा, “खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.” हे जवळ वाटतं, पण यालाही गुण जातात. खरी सरासरी जी आहे ती आहे, ती हलत नाही. हलतो तो आपला नमुना. असे साठ-साठ मुलांचे नमुने पुन्हापुन्हा घेतले आणि दर वेळी याच रीतीने मध्यांतर काढलं, तर त्यांतली सुमारे ९५ टक्के मध्यांतरं खऱ्या सरासरीला पोटात घेतील. ९५ टक्के हा भरवसा रीतीवरचा आहे. माझ्या कम्युनिटी कॉलेजातल्या वर्गात कॅल्क्युलस-२ झालेले विद्यार्थी यावर आपटलेले मी पाहिलेत, आणि बरे वाचणारे-लिहिणारे त्यातून सहज निसटलेले. पत्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला उद्या निवडणुकीच्या चाचण्यांवर लिहायचंय. त्याला हे आलंच पाहिजे. सायकॉलॉजीला तर स्टॅटिस्टिक्स कॉलेजात चुकत नाही.

आणि व्हीजेटीआयच्या माणसाला आठवण करून द्यायला हरकत नाही, की सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञच. रोममधल्या अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी चालवला. पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्राचा विभाग उभा करणारे वि. शं. हुजूरबाजार कोल्हापूरचे. दोघांनाही पद्मभूषण मिळालं. हा कॉमर्सवाल्यांचा विषय कधीच नव्हता. आपल्या कॉलेजात तो त्या मजल्यावर शिकवत होते, एवढंच.

तरी तुमची भीती साफ खोटी आहे असं म्हणणार नाही. प्रवेश देणारे बरेच लोक कॅल्क्युलस हे मेहनतीचं चिन्ह धरतात. ते योग्य आहे का, हा वाद वेगळा. २०१२ मध्ये गणितशिक्षकांच्या आणि गणितज्ञांच्या इथल्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून सांगितलं होतं, की मुलांना कॅल्क्युलसपर्यंत पोहोचवणं हे शालेय गणिताचं अंतिम उद्दिष्ट नसावं. मला ते पटतं. पण सांगितलं म्हणून लगेच सवयी बदलत नाहीत. म्हणून मुलाला एकच गोष्ट विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका : अर्थशास्त्र किंवा बिझनेस हे पर्याय त्याने मनातून नक्की काढलेत का? काढले नसतील तर कॅल्क्युलसशी गाठ पडणारच, आणि ती शाळेत पडलेली बरी. अशा वेळी स्टॅट्स एपी आणि सोबत साधं, बिनएपीचं कॅल्क्युलस, अशी जोडी वेळापत्रकात बसते का ते काउन्सेलरला विचारा. मला स्वतःला ही जोडी फार आवडते आणि कोणी घेत नाही. काढले असतील तर स्टॅट्स घेऊ दे. आणखी एक व्यवहारातली गोष्ट. बारावीत दिलेल्या एपी परीक्षेचा निकाल जुलैत लागतो, प्रवेश त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असतात. कॉलेजला तेव्हा विषयाचं नाव आणि पहिल्या सहामाहीची ग्रेड दिसते. कॅल्क्युलसमधला सी आणि स्टॅट्समधला ए, यांतलं काय दिसलेलं तुम्हाला चालेल?

प्रश्न : बाई, मी सोफोमोर, म्हणजे दहावीत आहे. बीसी आत्ता चालू आहे, ए आहे. समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात सहा आठवड्यांत मल्टिव्हेरिएबल, मग लिनिअर अल्जिब्रा, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, असं करून ट्वेल्थपर्यंत गणित संपवायचा प्लॅन आहे. आईने तुम्हाला विचार म्हटलं. मराठी चुकलं असेल तर सॉरी.
— एक विद्यार्थी, फ्रीमॉन्ट

उत्तर : मराठी छान आहे. गणित संपलं की मलाही कळव, मी अजून वाट बघतेय.

सहा आठवड्यांत मल्टिव्हेरिएबल म्हणजे पी हळद अन् हो गोरी. पंधरा-सोळा आठवड्यांचं काम आहे ते. शिवाय कम्युनिटी कॉलेजातली ग्रेड ही खरी कॉलेजची ग्रेड असते. ती तुझ्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते, पुढे मास्टर्सच्या अर्जातही दाखवावी लागते. उन्हाळ्यात घाईघाईने आणलेला सी तिथे कशाला? तुझ्या मनात कॅलटेक असेल तर ते एपीचं क्रेडिटच देत नाहीत. एमआयटी बीसीच्या ५ वर फक्त पहिल्या कॅल्क्युलसचं देते.

मल्टिव्हेरिएबल शरदात, पूर्ण सेमिस्टरभर घे. कॉलेजला जातोयस तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जाऊन बस, तिथली खरी चैन ती. उन्हाळ्यात एएमसी १२ या शालेय गणितस्पर्धेचे जुने पेपर काढ. पंचवीस प्रश्न, पंचाहत्तर मिनिटं, आणि त्यात कॅल्क्युलस अजिबात लागत नाही. ए मिळवणारी मुलं शेवटच्या दहा प्रश्नांवर पार गार होतात, आणि ते होऊन बघण्यासारखं आहे. शाळेत एपी फिजिक्स सी असेल तर तेही घे. डेरिव्हेटिव्ह कशासाठी असतो ते तिथे कळतं.

प्रश्न : आम्ही जुलैत पुण्याहून न्यू जर्सीला येतोय, माझी बदली झाली आहे. मुलाची अकरावी सायन्स, राज्य मंडळ, एप्रिलपर्यंत होईल. तिथे तो बारावीत बसेल. शाळेशी मेलवर बोललो तर ते म्हणाले, मार्कशीट पाहून बहुधा अल्जिब्रा-२ किंवा प्रीकॅल्क्युलस देऊ. त्याचं डिफरन्सिएशन सुरू झालंय! त्याला पुन्हा मागे टाकणार का?
— एक बाबा, कोथरूड

उत्तर : शाळेचा दोष नाही. मार्कशीटवर ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ एवढंच छापलेलं असतं. त्यावरून आत काय आहे ते न्यू जर्सीतल्या काउन्सेलरला कसं कळणार?

बालभारतीची अकरावीची दोन्ही गणिताची पुस्तकं इंग्रजीतून घ्या, पीडीएफही मिळतात. अनुक्रमणिका वेगळी काढून मेलला जोडा. त्रिकोणमिती, कॉम्प्लेक्स नंबर, सिक्वेन्स अँड सिरीज, फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन ही नावं त्यांना लगेच ओळखू येतील. इथल्या प्रीकॅल्क्युलसचा बहुतेक भाग आणि एबीची सुरुवात त्यात आलेली आहे. सोबत प्लेसमेंट टेस्टची मागणी करा, स्पष्ट शब्दांत, आणि ऑगस्ट उजाडायच्या आत. सप्टेंबरात वर्ग भरलेले असतात आणि मग ‘जागा नाही’ हे उत्तर येतं. मी एबी मागीन. बीसीसाठी भांडणार नाही, कारण नवा देश, नवी शाळा, कॉलेजचे अर्ज आणि दहा युनिटं हे सगळं एकाच वर्षी आहे.

मुलाला जे अडेल ते वेगळंच. पहिलं, ग्राफिंग कॅल्क्युलेटर. परीक्षेच्या एका भागात तो लागतोच. आलेख काढणं, समीकरणाची मुळं शोधणं, डेरिव्हेटिव्ह आणि डेफिनिट इंटिग्रल यांची किंमत काढणं ही चार कामं त्याला यंत्रावर करता आली पाहिजेत, आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत. जूनपासून डेस्मॉस या ऑनलाइन ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर हात बसवा, फुकट आहे. दुसरं, कारण लिहिणं. आपली मुलं उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढे जातात. इथे ‘डेरिव्हेटिव्हचं चिन्ह धनाकडून ऋणाकडे बदलतं, म्हणून इथे मॅक्सिमम आहे’ असं वाक्य इंग्रजीत लिहिलं नाही तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो. उलट, दोन अधिक तीन गुणिले चार असं आलं तर ते तसंच ठेवलं तरी चालतं, पुढे सोडवलं नाही म्हणून कापत नाहीत. हे त्याला पहिल्यांदा ऐकून धक्का बसेल.

पुस्तकं मात्र दोन्ही वर्षांची आणा. बारावीचा दुसरा भाग डिफरन्सिएशनपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत सरळ एबीच्या वाटेने जातो, आणि त्यातली उदाहरणं सरावाला इथल्या पुस्तकांपेक्षा जास्त आहेत. लॉग टेबल भावंडाला देऊन या. तेवीस किलोच्या बॅगेत तेवढ्या जागेत भाजणीचं एक पाकीट बसतं.